बाईंच्या समारंभाचं इतिवृत्त

शाळेतल्या निरोपसमारंभात बाईंबद्दल कोण काय बोललं, हे बाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. कानातलं यंत्र मोठ्या सभागृहात शिट्ट्या मारायचं, म्हणून त्यांनी ते निघतानाच पर्समध्ये टाकलं होतं. त्यामुळे बोलणाऱ्यांची तोंडं उघडमीट करताना दिसत होती, टाळ्या दिसत होत्या, पण आवाज म्हणून जे काही कानात शिरत होतं ते शेजारच्या घरात कपाट सरकवावं तसं. सगळे हसले की बाई हसायच्या. कोणी रुमाल काढला की चेहरा गंभीर करायच्या. शेवटी मुख्याध्यापिकांनी कानाशी येऊन "कसं वाटलं?" असं ओरडून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "फार छान बोललात सगळे." शिक्षकी पेशात राहून माणूस इतपत अभिनय शिकतोच.

बाईंच्या यजमानांना सगळं गाव 'बाईंचे मिस्टर' म्हणायचं. पुढे लोकांना तेवढंही लांब वाटू लागलं आणि नुसतं 'मिस्टर' उरलं. मिस्टर स्वतः एका सरकारी कार्यालयातून मानाने निवृत्त झाले होते, त्यांच्या टेबलावर घंटी होती, पण भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. ही सल मिस्टरांनी कधी बोलून दाखवली नाही. घरी ते मितभाषी होते. बोलण्यासारखं असेल तेव्हाच बोलावं, असं त्यांचं मत होतं, आणि तसं त्यांना फारसं कधी आढळत नसे.

समारंभानंतर काही दिवसांनी व्हिडिओवाल्याने चित्रीकरण आणून दिलं. बाईंनी ते टीव्हीवर लावलं, यंत्र कानात घातलं, आवाज वाढवला, आणखी वाढवला. वरच्या मजल्यावरचे वकील काय झालं म्हणून खाली आले. बाईंना मात्र अक्षर कळेना.

"अहो, काय बोलतायत हो ह्या?" त्यांनी मुख्याध्यापिकांकडे बोट दाखवलं.

"चांगलं बोलतायत," मिस्टर त्यांच्या कानाशी म्हणाले.

"चांगलं म्हणजे काय?"

"म्हणजे गौरव करतायत तुझा."

बाईंनी टीव्ही बंद केला. "सगळा जन्म त्या शाळेत घालवला मी. माझ्याविषयी लोक एकदाच बोलले आणि ते नेमकं मलाच ठाऊक नाही. मला प्रत्येक शब्द कळला पाहिजे."

त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे मिस्टरांचा मेहुणा, तेव्हा तिथेच होता. तो एका कंपनीत संगणकाच्या आसपास काहीतरी करायचा. नक्की काय, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. तो म्हणाला, "भाऊजी, सबटायटल टाका की खाली. आजकाल काय, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम असं जो म्हणतो, त्याला ते काम करायचं नसतं. पण बाईंनी मिस्टरांकडे असं काही पाहिलं की ते "त्यात काय, मी टाकतो" म्हणून बसले. समारंभातली एक गोष्ट आठवून ते जरा चुळबुळले, पण ती त्यांनी तूर्त बाजूला सारली. त्याचं कारण यथावकाश येईलच.

मेहुण्याने एक सेवा दाखवली. तिच्या पानावर ढगाचं चित्र होतं. आपला व्हिडिओ त्या ढगात चढवायचा, सोबत बोलण्याच्या ओळींची फाईल द्यायची, मग तो ढग दोन्हींची सांगड घालून टीव्हीला, फोनला, ज्याला जसा हवा तसा व्हिडिओ परत करणार. ओळींची फाईल कोणत्या प्रकारची आहे आणि बाहेर कोणत्या प्रकारची हवी, एवढं फक्त निवडायचं. त्या 'एवढं फक्त'च्या यादीत एसआरटी, व्हीटीटी अशी कितीतरी नावं होती, आणि ती वाचताना औषधांच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

मिस्टर हेडफोन लावून ओळी लिहायला बसले. इथे त्यांच्या पूर्वायुष्याचा संबंध येतो. सगळ्या नोकरीत मिस्टरांनी सभांची इतिवृत्तं लिहिली होती, आणि ती त्या कार्यालयात नावाजलेली होती. एका सभेत दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांवर पेपरवेट फेकले, त्याची नोंद त्यांनी 'विषयावर सविस्तर चर्चा झाली' अशी केली होती. दोघांनीही वाचून समाधानाने सही केली. माणसं काय बोलतात हे लिहायचं नसतं, त्यांनी काय बोलायला हवं होतं ते लिहायचं असतं, यावर मिस्टरांची श्रद्धा होती. त्याच श्रद्धेने त्यांनी निरोपसमारंभ लिहून काढला.

फाईल ढगात चढवली. ढगाने ती परत पाठवली. वेळ लिहिताना त्यांनी जिथे स्वल्पविराम दिला होता, तिथे या प्रकारच्या फाईलला टिंब लागत होतं. मेहुणा वैतागला, पण मिस्टरांना त्या ढगाविषयी एकदम आदर वाटला. एका स्वल्पविरामासाठी फाईल परत पाठवणारा माणूस त्यांना अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी हौसेने सगळी टिंबं घातली.

या खेपेला व्हिडिओ आला, ओळींची फाईलही आली, पण दोन्ही वेगवेगळ्या. टीव्हीने व्हिडिओ लावला आणि फाईलकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुम्ही ओळी वेगळ्या मागितल्यात भाऊजी," मेहुणा फोनवर म्हणाला. "आत गुंफून मागा."

आत गुंफून मागितल्या. टीव्हीने 'भाषा: अज्ञात' असं म्हणून हात वर केले. मिस्टर रागावले. त्यांच्या मराठीवर आजवर कोणत्याही साहेबाने शेरा मारला नव्हता.

मग वकील मदतीला धावले. वकिलांची वकिली फारशी चालत नसे, त्यामुळे लोकांच्या अडचणींसाठी त्यांच्याकडे वेळच वेळ असे. त्यांनी आधी त्या सेवेच्या सगळ्या अटी छापून घेतल्या, लाल पेनने खुणा केल्या, आणि आपल्याला भरपाई मिळणार नाही असा निष्कर्ष काढला. भरपाई कोणी मागितलीच नव्हती. मग ते म्हणाले, "मिस्टर, हे बघा, यात तिसरा पर्याय आहे. ओळी चित्रावरच कोरून देतात. मग टीव्हीचा बाप आला तरी दाखवाव्याच लागतील."

कोरून मागितल्या. त्या आल्या, आणि टीव्हीने मुकाट्याने दाखवल्याही. फक्त अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन होते. मुख्याध्यापिका बोलत होत्या आणि खाली चौकोनांमागून चौकोन चालले होते. वकिलांनी चष्मा पुसून पाहिला. "तुमची फाईल बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. मिस्टरांचा हा दुसरा अपमान.

त्यांनी सेवेच्या मदतकक्षाला पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे सगळं यथासांग. तिकडून लगोलग उत्तर आलं की आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. मिस्टरांनी स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा खेद. असा बराच खेद साठल्यावर कोणीतरी कळवलं की मराठी अक्षरांचा वळणसाचा, म्हणजे फॉन्ट, निवडायचा राहून गेलाय. तो निवडला आणि अक्षरं उमटली.

उमटली खरी, पण ज्याची त्याच्या खाली नाही. व्हिडिओवाल्याने अंतिम प्रतीत सुरुवातीला गुलाब फिरवून स्वतःच्या दुकानाची जाहिरात घुसडली होती, आणि मिस्टरांनी वेळा मोजल्या होत्या त्या आधीच्या प्रतीवरून. त्यामुळे ओळी पुढे धावत होत्या आणि माणसं मागून येत होती. संस्थेचे अध्यक्ष शांतपणे पाणी पीत होते आणि त्यांच्या खाली लिहून आलं होतं, 'वक्त्यांनी आपण तास चुकवून बाकाखाली लपत असल्याचे मान्य केले.'

"अध्यक्ष कधी होते माझ्या वर्गात?" बाईंनी विचारलं.

मिस्टरांनी सगळ्या वेळा पुढे सरकवल्या. आणि अखेर एका रविवारी दुपारी सगळं जिथल्या तिथे बसलं. बाई चष्मा लावून समोर बसल्या. मुख्याध्यापिका माईकपाशी आल्या आणि बराच वेळ बोलल्या. खाली आलं, 'मुख्याध्यापिकांनी बाईंच्या कार्याचा गौरव केला.' मग कवायतीचे सर आले. 'सरांनी जुन्या आठवणींना उजाळा दिला. सभागृहात हशा.'

"थांबवा," बाई म्हणाल्या.

मिस्टरांनी थांबवलं.

"हशा कशावर?"

"एक किस्सा सांगितला त्यांनी."

"कोणता?"

"असाच. सहलीचा काहीतरी."

"अहो, ते सर इतका वेळ हातवारे करतायत, दोनदा खाली वाकून दाखवलं त्यांनी, आणि तुम्ही म्हणता उजाळा दिला?" बाईंचा आवाज चढला. "घरात तेच, बाहेर तेच. तुमची बहीण तासभर फोनवर बोलते, मी विचारलं तर 'बरी आहे'. चार माणसं जमून हसतात, मी विचारलं तर 'काही नाही, असंच'. मला कोणी सारांश सांगू नका. आख्खं सांगा. मला कान नाहीत, अक्कल आहे."

मिस्टरांना राग आला. त्यांच्या इतिवृत्तावर आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. पण राग ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाईंचं बोलणं बरोबर आहे, आणि त्यामुळे राग पुन्हा आला. ते हेडफोन लावून पहिल्यापासून लिहायला बसले. आता शब्दाला शब्द. सरांनी सांगितलेला सहलीचा किस्सा, ज्यात बाईंनी चिखलात रुतलेल्या बसला धक्का मारला होता आणि सर आत झोपले होते, तो सगळाच्या सगळा. बाकाखाली लपणाऱ्या माजी विद्यार्थ्याने कुठे रुमाल काढला, तेसुद्धा. लिहिता लिहिता मिस्टरांना आपली बायको बरीच मोठी बाई आहे असं वाटू लागलं. ही माहिती त्यांना नवी होती.

आणि मग ते स्वतःपाशी येऊन पोचले.

त्या दिवशी सर्वांत शेवटी निवेदिकेने पुकारलं होतं, "आता बाईंचे मिस्टर दोन शब्द बोलतील." मिस्टर उठले. समोर भरलेलं सभागृह, हातात माईक, बाजूला ऐकू न येणारी बायको. असा योग त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. ते म्हणाले होते, "लोक मला विचारतात, बाईंना ऐकू येत नाही, तुम्हाला त्रास होत असेल. मी म्हणतो, त्रास कसला? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी घरात मनातलं मोठ्याने बोलतो, आणि वर चहासुद्धा मिळतो!" सभागृह कोसळलं होतं. मेहुण्याने तर गुडघ्यावर थापा मारल्या होत्या. आणि चित्रीकरणात स्पष्ट दिसत होतं की सगळ्यात मनमोकळं हसत होत्या त्या बाई.

त्या रात्री घरी बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही काय बोललात हो?" मिस्टर म्हणाले होते, "काही नाही, आभार मानले."

मिस्टरांनी तो भाग पुन्हा पुन्हा पाहिला. दर वेळी बाई त्यांच्याकडे बघून तितक्याच विश्वासाने हसायच्या. मिस्टरांना लाज वाटली. मनापासून वाटली. मग त्यांनी लाज वाटलेला सरकारी माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे काम रेंगाळत ठेवलं.

आता त्यांना त्या ढगाच्या अडचणी प्रिय झाल्या. ते मुद्दाम चुकीचा प्रकार निवडायचे आणि फाईल परत आली की हळहळायचे. टिंबांचे पुन्हा स्वल्पविराम केले. मदतकक्षाचा खेद छापून बाईंना दाखवला. पण एकदा मदतीला लागलेला वकील थांबत नाही. मिस्टर सकाळी बिघडवून ठेवायचे ते वकील दुपारी सुधारून जायचे. "काळजी करू नका मिस्टर, मी आहे," असं ते जाताना म्हणायचे, आणि मिस्टरांना ती धमकी वाटायची.

शेवटी पळवाट उरली नाही, तेव्हा मिस्टरांनी सगळं शब्दाला शब्द ठेवलं आणि स्वतःच्या भाषणाखाली एकच ओळ टाकली: 'बाईंच्या मिस्टरांनी सर्वांचे आभार मानले.' ओळी कोरून आल्या. बाईंनी मेहुण्याला आणि वकिलांना चहाला बोलावलं, आणि सगळे टीव्हीसमोर बसले.

काय सांगावं, बाईंच्या दिवसाचं सोनं झालं! त्या वाचत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "अय्या, ती बस! विसरलेच होते मी," असं म्हणून त्यांनी सरांचा किस्सा दोनदा लावायला सांगितला. बाकाखालचा विद्यार्थी म्हणाला, 'बाईंनी मला शोधून काढलं नाही, त्या माझ्या बाकाशेजारी येऊन शिकवायला लागल्या,' तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मिस्टरांनाही बरं वाटत होतं, पण त्यांचं लक्ष पुढे काय येणार याच्याकडे होतं.

आले. मिस्टर माईकपाशी आले आणि बोलू लागले. बाईंनी खाली वाचलं, 'सर्वांचे आभार मानले.'

आता टीव्हीचा आवाज चांगला मोठा होता, आणि खोलीत बाई सोडून बाकी सगळ्यांचे कान शाबूत होते. एवढ्या साध्या गोष्टीचा मिस्टरांनी विचारच केला नव्हता. मेहुण्याला पुढचं ठाऊक होतं, त्याने बशीत नजर घातली. वकील मात्र समारंभाला नव्हते. 'वर चहासुद्धा मिळतो' हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं आणि ते तोंडातल्या चहासकट हसले.

बाईंनी वकिलांकडे पाहिलं. मग पडद्याकडे. पडद्यावर सभागृह हसत होतं आणि मधल्या खुर्चीत त्या स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त हसत होत्या.

"आभार मानल्यावर लोक एवढे हसतात?" त्यांनी विचारलं.

वकिलांनी रुमालाने टेबल पुसायला घेतलं.

"तू सांग रे," बाई भावाला म्हणाल्या.

"काही नाही ताई, असंच," मेहुणा म्हणाला.

बाईंनी कप खाली ठेवला. पडद्यावरच्या आपल्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर मिस्टरांना सोपं गेलं असतं. ते उठले, संगणकापाशी गेले, आभारांची ओळ खोडली आणि आपण बोललो होतो ते चहापर्यंत जसंच्या तसं लिहिलं. फाईल ढगात टाकली. आजवर शंभर खोड्या काढणाऱ्या त्या ढगाने या वेळी एक शब्द न बोलता काम उरकून दिलं.

बाईंनी वाचलं. सावकाश वाचलं.

"विनोद बरा आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं मला वाईट नाही वाटत. मी हसले ना, त्याचं वाटतं. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर हे माझ्याविषयी काहीतरी चांगलं बोलले."

मिस्टर संगणकापासून उठले. 'चुकलं माझं' असं ते म्हणाले, पण तोंडातल्या तोंडात. ते बाईंना ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून जवळ जाऊन मोठ्याने म्हणावं लागलं. जिन्यात कोणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला. मेहुणा आणि वकील एकाच वेळी कपबश्या आत ठेवायला गेले.

"बसा तिथे," बाई संगणकाकडे बोट करून म्हणाल्या. "मी हसतेय ना, त्या चित्राखाली ओळ घालायची आहे. मी सांगते तशी लिहा. शब्दाला शब्द."

मिस्टर बसले. बाईंनी वर्गात शुद्धलेखन घालावं तसं थांबून थांबून सांगितलं, आणि मिस्टरांनी लिहिलं: 'मला चांगलं ऐकू येत होतं तेव्हाही हे गप्पच असायचे. ह्यांच्या मनात काही असतं, हे मला आज पहिल्यांदा कळलं.'

आतून वकिलांच्या हसण्याचा आवाज आला. ते दाराआडून वाचत होते.

"वेगळी फाईल देऊ का?" मिस्टरांनी आशेने विचारलं. "म्हणजे ज्याला नको त्याला बंद करता येते."

"कोरा," बाई म्हणाल्या.

मिस्टरांनी कोरलं. बाईंनी ते एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि या वेळी त्या हसल्या ते चित्रातल्यापेक्षा कमी, पण बराच वेळ. मग त्यांनी तो व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकायला लावला.

संध्याकाळपासून निरोप येऊ लागले. मुख्याध्यापिकांचा आला, कवायतीच्या सरांचा आला, ज्यांना मिस्टरांनी कधी पाहिलंही नव्हतं अशा शिक्षिकांचे आले. बाई खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या, चष्मा लावला, आणि एकेक निरोप मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. पाठवणाऱ्याचं नाव, मजकूर, मधली हसणारी तोंडं किती आणि कोणती, सगळं. "मिस्टरांचा चहा बंद करा बाई," असा मुख्याध्यापिकांचा निरोप त्यांनी दोनदा वाचला.

"अगं, थोडक्यात सांग की," मिस्टर कोचावरून म्हणाले.

बाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी पुढचा निरोप वाचायला घेतला.